प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स : सगळं जातं, ट्रंक तेवढी राहते

गणपतीच्या आदल्या रात्री मुंबईहून कोकणात निघालेल्या माणसाला हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही. घरी सगळे जमलेत, सकाळी मूर्ती बसायची आहे, खिशात तिकीट आहे आणि गाडी जागची हलत नाही. अमेरिकेत हीच घालमेल थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात होते. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे टर्कीच्या जेवणाला घरी असायलाच हवं, आणि त्यासाठी अख्खा देश एकाच वेळी विमानतळावर, स्टेशनात आणि हायवेवर उतरतो. जॉन ह्यूजने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' त्याच आठवड्यातल्या मंगळवार ते गुरुवार या तीन दिवसांत घडतो. तो प्रदर्शितही थँक्सगिव्हिंगच्या आदल्याच दिवशी झाला, २५ नोव्हेंबर १९८७ ला. लांबी जेमतेम दीड तास. एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोन प्रवासी आणि हुकत जाणारं घर, या साच्यातले चित्रपट पुष्कळ आले, पण याच्या इतकी घट्ट बांधणी क्वचितच सापडते.

नील पेज (स्टीव्ह मार्टिन) शिकागोच्या उपनगरात राहणारा, जाहिरातीच्या धंद्यातला माणूस. कोट, हॅट, महागडं घड्याळ, पहिल्या वर्गाचं तिकीट. न्यूयॉर्कमधली बैठक लांबते आणि त्याला संध्याकाळी सहाचं विमान गाठायचंय. डेल ग्रिफिथ (जॉन कँडी) हा फिरता विक्रेता, बाथरूमच्या पडद्याच्या कड्या विकणारा. तो बडबड्या आहे, अंगाने अवाढव्य आहे, बूट-मोजे काढून पाय मोकळे करणारा आहे. त्याच्याबरोबर एक भलीमोठी ट्रंक असते. चित्रपट पाहताना या ट्रंकेवर नजर ठेवा.

पहिल्या काही मिनिटांतच नील टॅक्सीसाठी धावतो. समोरच्या फुटपाथवर दुसरा एक जण (केव्हिन बेकन, दोन क्षणांची भूमिका) त्याच टॅक्सीकडे धावतोय. दोघे नजरेनेच शर्यत लावतात, आणि नील रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या ट्रंकेला अडखळून आडवा होतो. पुढची टॅक्सी त्याने ७५ डॉलर देऊन एका वकिलाकडून मिळवलेली असते, तीही डेल नकळत घेऊन जातो. इथे दोघांची अजून ओळखही झालेली नाही. नायकाला या प्रवासात पहिला धक्का बसतो तो ट्रंकेचा, माणूस नंतर भेटतो. बाकीचा चित्रपट याच क्रमाने चालतो : आधी डेलचं ओझं दिसतं, डेल बराच उशिरा दिसतो.

पटकथेची खरी करामत एका हिशेबात आहे. प्रत्येक टप्प्यावर नीलच्या खात्यातून एक गोष्ट वजा होते, आणि ती कशी वजा झाली याचं कारण पडद्यावर स्पष्ट दिसतं. आधी टॅक्सी जाते. मग पहिल्या वर्गाची सीट जाते, आणि बसावं लागतं ते डेलच्या शेजारी. शिकागोत हिमवादळ असल्यामुळे विमान कॅन्ससमधल्या विचिटाला उतरवलं जातं, म्हणजे शहरही गेलं. विचिटात हॉटेलं भरलेली. डेलच्या ओळखीने मोटेलमध्ये खोली मिळते, पण पलंग एकच, म्हणून एकांत गेला. रात्री चोर येऊन दोघांच्या पाकिटातली रोकड नेतो. आगगाडी मिझुरी राज्यात जेफरसन सिटीच्या अलीकडे बंद पडते. सेंट लुईसला भाड्याची गाडी जागेवर नसते. पुढे गाडी मिळते ती जळते, तिच्याबरोबर क्रेडिट कार्डं जळतात. शेवटी मनगटावरचं घड्याळ उरतं, तेही खोलीच्या भाड्यापोटी काउंटरवर ठेवावं लागतं.

या उताराला शिस्त आहे. नीलकडून जे जे जातं ते सगळं त्याला इतरांपासून वेगळं ठेवणारं असतं : पुढची सीट, स्वतंत्र खोली, पैसा, कार्ड, घड्याळ. डेलकडे यातलं मुळात फारसं काही नाही, त्यामुळे त्याचं फारसं काही जातही नाही. चोरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर डेल छातीठोकपणे सांगतो की त्याच्या पाकिटात २६३ डॉलर आहेत, मोजून घे. पाकीट रिकामं निघतं. मग नील स्वतःचं उघडतो, त्यात सातशेहून जास्त होते, तेही रिकामं. दोन माणसांच्या दर्जातलं सगळं अंतर या दोन आकड्यांत सांगून टाकलंय आणि लगेच पुसूनही टाकलंय.

अंतराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्क ते शिकागो हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर. विचिटाहून शिकागोला रस्त्याने जायचं तर तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच. म्हणजे एक अख्खं विमान उडून उतरल्यावरही नील घरापासून जवळपास तितकाच लांब आहे, फक्त दिशा बदलली आहे. ही कल्पना ह्यूजला सुचली ती स्वतःवर ओढवलेल्या प्रसंगातून. तोही शिकागोचा, तोही एकेकाळी जाहिरातीच्या धंद्यात, आणि त्याचंही न्यूयॉर्कहून शिकागोला निघालेलं विमान विचिटाकडे वळवलं गेलं होतं. घरी पोचायला त्याला पाच दिवस लागले.

विचिटातून लोकांची गाडी सुटत नाही, डुकरं आणि गुरं असतील तरच इथून रेल्वे, असं दोघांना आपल्या पिकअपमधून नेणारा ओवेन (डिलन बेकर) सांगतो. यात अतिशयोक्ती वाटते, पण १९७९ मध्ये अ‍ॅमट्रॅकने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीने, विचिटामार्गे जाणारी गाडी बंद केल्यापासून तिथे प्रवासी रेल्वे खरोखरच नव्हती. म्हणून दोघांना कडाक्याच्या थंडीत पिकअपच्या उघड्या हौद्यात बसून दुसऱ्या गावचं स्टेशन गाठावं लागतं. त्या गावाचं नाव मात्र काल्पनिक आहे. रेल्वेची आवड असणाऱ्यांना पुढे एक खटकेल : त्या भागातून शिकागोला जाणारी अ‍ॅमट्रॅकची लांब पल्ल्याची गाडी जेफरसन सिटीवरून जात नाही, ती मिझुरीच्या उत्तरेकडून जाते. जेफरसन सिटी कॅन्सस सिटी–सेंट लुईस मार्गावर आहे. पटकथेला सेंट लुईस हवं होतं, म्हणून रूळ वळवले. त्याने काही बिघडत नाही.

मोटेलच्या खोलीतला प्रसंग हा चित्रपटाचा कणा आहे आणि तो किती बारकाईने रचलाय ते थांबून पाहावं. पलंग नाणं टाकलं की थरथरणारा. डेल बिअरचे डबे पलंगावर टाकून आंघोळीला जातो, डबे हलतात, फुटतात, गादी भिजते. आंघोळीनंतर बाथरूमची दैना झालेली, नीलला तोंड पुसायला धड टॉवेल नाही. मग रात्री डेलचा घसा साफ करण्याचा तो आवाज. प्रत्येक त्रास क्षुल्लक आहे आणि प्रत्येकाचं कारण आपल्याला आधी दाखवलंय, त्यामुळे नील फुटतो तेव्हा आपण त्याच्या बाजूने असतो. तो डेलला झोडपून काढतो : तुझ्या गोष्टींना शेंडाबुडखा नाही, तुझ्याबरोबर बसण्यापेक्षा विम्याच्या व्याख्यानाला बसलेलं बरं. स्टीव्ह मार्टिन हे एका लयीत, हात हलवत, रंगात येऊन म्हणतो. आपण हसत असतो.

मग कॅमेरा डेलवर जातो आणि तिथेच राहतो. कँडीचा चेहरा आधी समजून घेण्याचा प्रयत्न करतो, मग त्याच्यावरचं हसू ओसरतं, डोळे भरतात, पण आवाज वर जात नाही. तो फक्त इतकंच सांगतो की मी आहे तसा मला आवडतो, माझ्या बायकोला आवडतो, माझ्या गिऱ्हाइकांना आवडतो. यात मागणी नाही, तक्रारही नाही. मघाशी हसलेला प्रेक्षक इथे ओशाळतो. त्यानंतर डेल पुन्हा तितकाच बडबड करतो, तितकाच पसारा घालतो, पण आपण त्याच्याकडे पूर्वीसारखं पाहू शकत नाही. दीड तासाच्या चित्रपटात पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपासच हे करून टाकणं धाडसाचं आहे. दुसरा एखादा दिग्दर्शक हा प्रसंग शेवटासाठी राखून ठेवता. ह्यूजला ठाऊक होतं की पुढचा सगळा विनोद या एका चेहऱ्याच्या आठवणीवर चालणार आहे. खोलीत डेल उशाशी बायकोचा फोटो ठेवतो, तोही नजरेतून सुटू देऊ नका.

सेंट लुईसच्या बस स्थानकातला प्रसंग त्या मानाने कमी गाजतो, आमच्या मते तो कँडीचा सर्वोत्तम. पैसे संपलेत. डेल ट्रंक उघडतो आणि बाथरूमच्या पडद्याच्या प्लास्टिकच्या कड्या कानातली म्हणून विकायला लागतो. माल एकच, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी हकीकत. कोणाला सांगतो हे चेकोस्लोव्हाकियाचं हस्तिदंत आहे, कोणाला खास चंद्राशी नातं असलेली कडी देतो, तरुण मुलींना सांगतो की यात तुम्ही मोठ्या दिसता. नीट पाहा : तो आधी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतो, मग कडी उचलतो. ज्याला नीलने कंटाळवाणा, समोरच्याचं भान नसलेला माणूस म्हटलं होतं, तो माणसं ओळखण्यात किती तरबेज आहे हे इथे कोणी तसं बोलून न दाखवता सिद्ध होतं. दोन मिनिटांचं काम आहे. या पैशांतून तो नीलला जेवू घालतो, आणि त्याच जेवणावर नील त्याला सांगतो की आता आपण आपापल्या वाटेने जावं.

त्यानंतर लगेच येतो भाड्याच्या गाडीचा प्रसंग, ज्याच्यामुळे या चित्रपटाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतराखालच्या मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही. कारण इतकंच की नील काउंटरवर साधारण एका मिनिटात दीड डझन वेळा तीच एक शिवी देतो. बस त्याला पार्किंगमध्ये सोडून निघून जाते, ठरलेल्या जागी गाडी नसते, तो चिखल, बर्फ, हायवे आणि विमानाची धावपट्टी तुडवत परत येतो, आणि काउंटरवरची बाई (ईडी मॅक्लर्ग) फोनवर सणाच्या जेवणाच्या गप्पा मारत असते. शिव्यांची सरबत्ती लयबद्ध आहे, पण प्रसंगाची किल्ली शेवटच्या ओळीत आहे. ती शांतपणे भाडेकरार मागते. करार नाही. गाडी न दिसल्यावर त्याने रागाच्या भरात स्वतःच तो फेकून दिलाय, आणि ते आपण पाहिलंय. मग ती त्याचीच शिवी त्याला एकदाच, हसून परत करते. आधीच्या सगळ्या संकटांत दोष हवामानाचा, चोराचा, डेलचा. इथे पहिल्यांदा नीलचा राग हेच नीलच्या अडचणीचं कारण होतं. म्हणून हा प्रसंग चित्रपटाच्या मध्याच्या पुढे ठेवलाय, आधी नाही.

पुढे डेलने भाड्याने घेतलेली गाडी जळते, तो भाग यंत्रासारखा जुळवलाय. नील झोपलाय, डेल रात्री चालवतोय, रेडिओवर रे चार्ल्स. तो नाचायला लागतो, जाकिटाच्या बाह्या सीटमध्ये अडकतात, गाडी गिरकी घेते आणि तोंड उलट्या दिशेला होतं. डेल तसाच पुढे निघतो आणि हायवेच्या चुकीच्या बाजूला चढतो. पलीकडच्या गाडीतलं जोडपं ओरडून सांगतं की तुम्ही उलटे चाललाय, डेलचा समज होतो की ते प्यायलेत, त्यांना कसं ठाऊक आपण कुठे चाललोय! दोन ट्रकच्या मधून गाडी निसटते. दोघे रस्त्यालगत ट्रंकेवर बसून श्वास घेत असतात, आणि मागे गाडी पेटते. आग या गोंधळाने लागलेली नसते, त्याआधी डेलने फेकलेली सिगारेट मागच्या सीटवर पडलेली असते, तीही आपल्याला दाखवलेली आहे. नीलची कार्डं गाडीतच, कारण मोटेलच्या काउंटरवर कार्डांची अदलाबदल झाली होती आणि डेलने गाडी नीलच्या कार्डावर घेतली होती. इतके धागे पाठीमागे नेऊन बांधलेत, तरी पाहताना एकही ताणलेला वाटत नाही.

आणि या आगीतून ट्रंक सहीसलामत बाहेर! ते दोघे तिच्यावरच बसलेले होते.

आता उणिवा. एकाच पलंगावर मिठीत जाग येण्याचा तो गाजलेला प्रसंग पहिल्या झटक्याला हसवतो, पण त्यानंतर दोघांनी घाईघाईने फुटबॉलच्या गप्पा मारत मर्दानी होण्याची जी धडपड आहे, ती आज जुनी वाटते. दोन ट्रकच्या मध्ये डेलचा सैतान दिसतो, सांगाडे दिसतात, तो तुकडा बाकीच्या चित्रपटाच्या जातीचा नाही. आयरा न्यूबॉर्नच्या संगीतातला सिंथेसायझर १९८० च्या दशकात अडकून राहिलाय. मायकेल मॅकीनचा हायवे पोलिस इतका चांगला आहे की तो लवकर निघून गेल्याचं वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी उणीव नीलच्या बायकोची. लैला रॉबिन्सच्या वाट्याला फोन कानाला लावून उभं राहण्यापलीकडे काही नाही, आणि शेवटी तिच्या चेहऱ्यावर इतकं दाटून आलेलं का, हे नव्या प्रेक्षकाला कळत नाही. याचं कारण संकलनात आहे. चित्रपटाची पहिली जुळणी तीन तासांहून लांब होती. नवरा सांगतो तो डेल नावाचा माणूस खरंच आहे की काही लपवाछपवी चाललीय, असा तिला संशय येण्याचा धागा त्यात होता. तो कापला गेला, चेहरा तेवढा राहिला. गोष्ट ठाऊक असेल तर तो चेहरा बरोबर बसतो.

संकलक पॉल हर्शने या प्रचंड ऐवजातून दीड तास काढला, त्यात एक जागा विलक्षण आहे. शेवटाकडे शिकागोच्या लोकलमध्ये नील एकटा बसलाय, आठवून हसतोय, आणि मग हळूहळू काहीतरी त्याच्या लक्षात येतं. हा शेवट मुळात वेगळा होता, तो संकलनाच्या टेबलावर नव्याने बांधला गेला. मार्टिन पुढच्या ओळी मनात घोळवत बसलेला असताना त्याच्या नकळत कॅमेरा चालू ठेवला होता, ते तुकडे इथे वापरलेत. म्हणून तिथे अभिनय दिसत नाही, विचार करणारा माणूस दिसतो. त्याच्या लक्षात काय येतं ते इथे लिहिणार नाही. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा कळेल की उत्तर मोटेलच्या पहिल्या रात्रीपासून समोर होतं.

पाहायचा कसा, हेही सांगायला हवं. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर पाहायचा असेल तर गाडीच्या काउंटरचा प्रसंग आधी ठरवून ठेवा. नील धावपट्टी ओलांडून आत शिरला की पुढचं मिनिटभर आवाज बंद केला तरी गोष्ट कळते. इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा, कँडी गंभीर प्रसंगात आवाज खाली नेतो आणि नेमके तेच शब्द निसटतात.

डिस्क घ्यायची असेल तर पॅरामाउंटने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये काढलेली फोरके (4K, म्हणजे जास्त बारकावे दाखवणाऱ्या चित्राची) आवृत्ती घ्यावी. तिच्यासाठी फोरके प्लेयर लागतो, साध्या ब्लूरे प्लेयरवर ती चालणार नाही. फोरके डिस्कला प्रदेशाचं बंधन, म्हणजे ठरावीक देशांतल्याच प्लेयरवर चालण्याची अट, नसतं, त्यामुळे अमेरिकेतून कोणी आणली तरी इथे चालते. जोडीला असलेल्या ब्लूरे डिस्कवर मात्र बंधन असू शकतं. अमेरिकेचा ब्लूरे प्रदेश 'ए' आणि भारताचा 'सी', तेव्हा पाकिटाच्या मागची खूण पाहून घ्या. ते महत्त्वाचं, कारण तासाभराहून जास्त लांबीचे कापलेले प्रसंग त्या दुसऱ्या डिस्कवर आहेत. त्यांचा दर्जा व्हिडिओ टेपचा आहे, चित्र धूसर आहे, तरी ते पाहावेत. एवढं सोनं बाजूला ठेवायला किती हिंमत लागली असेल ते त्यातून कळतं. क्रम मात्र पाळा : आधी चित्रपट दोनदा, मग हे तुकडे.

जॉन कँडी मार्च १९९४ मध्ये गेला, वय अवघं ४३. त्याने पुष्कळ विनोदी कामं केली, पण शेवटची गोठलेली चौकट त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर येते तेव्हा हे काम सगळ्यांच्या वर का ठेवायचं हे आपोआप कळतं. त्याआधीच्या दृश्यात ट्रंक पुन्हा आहे. ती रस्त्याने चाललीय, एका कडीला डेलचा हात आहे आणि दुसऱ्या कडीला नीलचा.

आणि नामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका. ती पूर्ण सरकू द्या. पहिल्या दृश्यात जाहिरातीचे नमुने न्याहाळत, एक शब्द न बोलता, नीलचा सगळा वेळ खाणारा तो साहेब आठवतोय ना? नामावली संपल्यावर तो पुन्हा दिसतो. समोर सणाचं जेवण मांडलेलं आहे, ऑफिसात दुसरं कोणी नाही, आणि त्याचा निर्णय अजून झालेला नाही.